अर्ध्या डोळ्याची ओनोरा

केसांपासून सुरुवात झाली होती आणि भुवयांपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. नेल चुलीशी बसून खारा मासा पाण्यात भिजत घालत होती. तिचा मुलगा लावरास टेबलावर टेपचं यंत्र मांडून बसला होता आणि स्वतःच्या तोंडाला एकेका ठिकाणी बोट लावून विचारत होता, याला काय म्हणतेस, त्याला काय म्हणतेस.

"एवढा शिकलास, डब्लिनला सरकारी खुर्चीत बसतोस, आणि भुवईला काय म्हणतात ते आईला विचारतोस," नेल म्हणाली. "त्यासाठी पगार देतात तुला?"

"देतात. तू फक्त बोलत राहा."

आयरिश बोलींचा एक मोठा कोश व्हायचा होता आणि त्यासाठी लावरास पश्चिम किनाऱ्यावर गावोगाव हिंडत होता. डोक्यापासून टाचेपर्यंतचे शरीराचे शब्द त्याच्या वाट्याला आले होते. कोणत्या गावात कोपराला काय म्हणतात, गुडघ्याचं अनेकवचन कसं होतं, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून टिपून घ्यायचं. रोसडूव हे त्याचं स्वतःचं गाव. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. घरचंच आहे, कधीही होईल म्हणून. या खेपेला बायकोही बरोबर होती. मुरिन डब्लिनची, शाळेत शिकून आयरिश बोलणारी, आणि पोटुशी. सकाळचा चहा घेऊन ती किनाऱ्यावर फिरायला गेली होती.

लावरासने बोट भुवईच्या खाली आणलं. "आणि हे?"

नेलने मासा उलटा केला.

"आई, हे?"

"दिवे."

"दिवे?"

"आपण दिवेच म्हणतो. तू लहान असताना सकाळी तुझे दिवे मीच पुसून द्यायचे. विसरलास?"

विसरला नव्हता. पण ते लहान मुलांशी बोलायचं लाडाचं बोलणं असेल असं त्याला आजवर वाटत आलं होतं. आता बसल्याबसल्या तो आठवू लागला. डोळ्याला आयरिशमध्ये शब्द आहे सूल. सगळ्या देशात तोच, दुसरा नाही. आणि हा शब्द आईच्या तोंडून आपण कधी ऐकलाच नाही. तो आपण शाळेत शिकलो. आश्चर्य म्हणजे ही गोष्ट, शब्दांवरच पोट असलेल्या माणसाच्या, इतक्या वर्षांत ध्यानातच आली नव्हती.

"पण 'सूल' तू म्हणतेस की," तो म्हणाला. "काल नाही का म्हणालीस, उद्या ऊन पडेल अशी आशा आहे?"

कारण त्या भाषेत आशेला वेगळं क्रियापद नाही. आशा वाटते म्हणायचं तर 'माझ्यापाशी सूल आहे' असं म्हणतात. कुणाची वाट पाहत असलं तर 'त्याच्याकडे सूलमध्ये आहे' म्हणतात. पोटुशी बाईसुद्धा सूलमध्येच असते.

"ते वेगळं," नेल म्हणाली. "त्यात कुणी बघत नसतं."

"मग नुसता शब्द का नाही म्हणायचा?"

नेलने हात पुसले. "आधी ते बंद कर."

त्याने यंत्र बंद केलं. रिळं फिरायची थांबली. नेलने दाराबाहेर पाहिलं, मुरिन येत नाही ना याची खात्री केली आणि खुर्ची ओढून मुलासमोर बसली.

"तुझी बायको पोटुशी नसती तर हे मी माझ्याबरोबर मातीत नेलं असतं," ती म्हणाली. "तिला ओनोराकडे एकटीला जाऊ देऊ नकोस. जाईल तेव्हा आधी तू आत जा. आणि ओनोरा काही कौतुकाचं बोलली तर मागोमाग तू म्हण, देवाची कृपा असो. ती म्हणो न म्हणो, तू म्हण."

ओनोरा म्हणजे लावरासची आत्या. मधे एक दगडी बांध, त्याच्यापलीकडे तिचं घर. ती एका डोळ्याने अधू होती. तरुणपणी काटेरी झुडपं तोडताना डोळ्यात काटा गेला आणि तेव्हापासून त्यावर काळा फडका बांधलेला, एवढंच लावरासला माहीत होतं. गावात तिला अर्ध्या डोळ्याची ओनोरा म्हणत. म्हणजे म्हणत असावेत. घरात तेही नाव कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

"तुझा बाप बुडाला ती नाव नवी होती," नेल सांगू लागली. "माझ्या बार्टलाने आणि फेस्टीने मिळून बांधून घेतली. फेस्टी म्हणजे ओनोराचा ठरलेला नवरा, हे तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात नाव पाण्यात सोडली तेव्हा सगळं गाव धक्क्यावर होतं. मी तुला कडेवर घेऊन उभी होते. शीड भरलं, नाव वळली, आणि ओनोरा म्हणाली, किती देखणी बसलीय पाण्यावर. बस, एवढंच."

"मग?"

"मग काही नाही. तेच तर. पुढचं ती बोललीच नाही. आम्ही सगळे थांबलो होतो. म्हातारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, की आता म्हणेल, देवाची कृपा असो. ती हसत होती नुसती. फेस्टी नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून तिला टोपी दाखवत होता. ती विसरली. तरुण पोर, खुशीत होती. मलाही वाटलं, आपण म्हणून टाकावं तिच्यावतीने. पण चारचौघांत कसं म्हणायचं?"

चुलीत जळणाऱ्या टर्फची, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, एक वीट सरकून खाली आली. नेलने ती चिमट्याने परत वर लावली.

"त्यानंतर थोड्याच दिवसांत बेटांवर टर्फ पोचवायला निघाले होते. वारा नव्हता, लाट नव्हती. समुद्रात घुसलेल्या टेकाच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. एक फळीसुद्धा आली नाही किनाऱ्याला. माणसं तर नाहीच."

"आई, नावा बुडतात. भरताना जास्त भरली असेल. एखादी फळी..."

"मला शिकवू नकोस. मी कुणाला दोष दिला नाही. गावातही कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त ती विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून निघायच्या. नाताळच्या आधी एका रविवारी ती चर्चमध्ये आली ती फडका बांधून. म्हणाली, काटा लागला, डोळा गेला. मी घरी येऊन रडले, लावरास. मला वाटलं, देवाने हिशोब केला. तिचाही भाऊ गेला, होणारा नवरा गेला, वर डोळा गेला. आणखी काय घ्यायचं तिच्याकडून? दुसऱ्या दिवसापासून मी तिला दूध पाठवायला लागले. आजतागायत पाठवते." तिने एप्रन झटकला. "पण तुला तिच्या हातात कधी दिलं नाही. आणि तो शब्द या घरात तुझ्या बापाबरोबर बुडाला तो बुडालाच."

लावरासच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि त्यातल्या एकीची त्याला लाज वाटत होती. बापाच्या मरणाची गोष्ट आज पहिल्यांदा कळली होती, आणि तरी त्याचं डोकं त्या 'दिव्यां'पाशीच घुटमळत होतं. कारण सूल हा शब्दही असाच आला असं त्याच्या गुरूंनी शिकवलं होतं. फार फार पूर्वी डोळ्याला दुसराच एक शब्द होता. पूर्वेच्या भाषांत तो टिकला. संस्कृतात अजून अक्षि म्हणतात. आयर्लंडच्या पूर्वजांनी मात्र तो टाकून दिला. डोळ्याचं नाव घेतलं तर दृष्ट लागेल अशी भीती असावी, असा पंडितांचा अंदाज. मग ते डोळ्याला 'सूर्य' म्हणू लागले. संस्कृतातला सूर्य आणि आयरिशमधला सूल, दोन्ही एकाच मुळातून निघालेले. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी घाबरलेल्या माणसांनी जे केलं तेच आपल्या आईने चुलीपाशी बसून एकटीने केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो यंत्र घेऊन बांध ओलांडून गेला. गावात वीज नुकतीच आली होती. ओनोराने दिवा लावून घेतला होता, पण त्याचा उजेड नको म्हणून त्यावर पीठ चाळायची चाळण उपडी टांगली होती.

"ये रे बार्टलाच्या पोरा," ती म्हणाली. "ऐकलं की तू माणसांचे अवयव गोळा करत फिरतोस. खाटकाचं दुकान काढणार आहेस का?"

"तुझं नाक पहिलं घेणार."

"घे. सर्दीसकट घे."

तिच्यासारखं बोलणारं माणूस त्याला सबंध किनाऱ्यावर भेटलं नव्हतं. कपाळ, कानशील, जबडा, टाळू. तो एक विचारी, ती तीन सांगे, आणि प्रत्येकाची एक शिवी आणि एक प्रार्थना. दोन हात, दोन पाय म्हणताना शब्दाचं रूप ती असं वळवी की ते जुनं द्विवचन त्याने फक्त हस्तलिखितांत पाहिलेलं होतं. भुवयांनंतर मात्र तो हनुवटीवर उडी मारून गेला.

"मधलं गाळलंस," ओनोरा म्हणाली.

"राहू दे ते."

"नेलने सांगितलं वाटतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "सूल. हं, विचार आता. घाबरतोस काय, शब्दच आहे."

घरच्या माणसाच्या तोंडून तो शब्द नुसता, एकटा, त्याने पहिल्यांदा ऐकला.

"माझा डोळा?" त्याने विचारलं.

"हूल."

"तो डोळा?"

"तूल."

"त्याचा डोळा, तिचा डोळा?"

"त्याचा म्हटलं तर हूल. तिचा म्हटलं तर सूल." ओनोरा हसली. "लाजरा शब्द आहे बघ. 'माझा' म्हटलं की तोंड लपवतो, 'तो' म्हटलं की दुसऱ्याचा मुखवटा घालतो. बाईचा म्हटलं की मात्र उघड्या तोंडाने येतो. कुणी ठरवलं रे हे?"

"कुणी ठरवत नाही, आत्या. दोन असतील तर?"

"दोन हूल. दोन झाले तरी ते एकच. बैलजोडीसारखं. जोडी म्हणजे एक नग."

"आणि एकच असेल तर?"

हा प्रश्न त्याने सवयीने विचारला होता. प्रत्येक गावात विचारला होता. तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्या भाषेत जोडीतला एक असं म्हणता येत नाही. एका हाताचा माणूस असतो तो अर्ध्या हाताचा, एका पायाचा तो अर्ध्या पायाचा.

"अर्धी हूल," ओनोरा म्हणाली. "मी काय, अर्ध्यावर आहे. तू ठाऊक असून विचारतोस म्हणजे त्या यंत्राला सांगायचं असेल." मग ती यंत्राकडे वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "ओनोरा, रोसडूवची. अर्ध्यावर आहे."

लावरासला गप्प बसवेना. काहीतरी देणं लागत असल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्याच्याजवळ देण्यासारखं होतं ते एवढंच. त्याने तिला शब्दाची सगळी कथा सांगितली. टाकून दिलेला जुना शब्द, भीती, सूर्य. ओनोरा हातातलं विणकाम खाली ठेवून ऐकत होती.

"म्हणजे नाव बदललं," ती शेवटी म्हणाली. "आणि मग दृष्ट लागायची थांबली?"

"नाही. काही पिढ्यांनी सूल म्हणजेच डोळा झाला. भीती नव्या शब्दात येऊन बसली."

"येणारच. ती कुठे जाणार?" ओनोरा बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. "ते यंत्र चालू राहिलं तरी चालेल. मला कधी काटा लागला नाही, लावरास."

त्याला आधी समजलंच नाही.

"लोकांनी माझ्यापासून दूर व्हायला सुरुवात केली होती. नेल समोर आली की तोंड फिरवायची. तिचा नवरा गेला होता. माझाही भाऊ गेला होता, पण तिच्या कडेवर तू होतास. तिला तरी दुसरीकडे जावं लागलं असतं किंवा मला. मला वाटलं, अर्धं काढून टाकलं तर भीती अर्धी होईल. अर्ध्या भीतीबरोबर माणसं राहू शकतात. राहिली बघ."

तिने डोक्यामागे हात नेला आणि गाठ सोडली.

फडक्याखालची कातडी बटाट्याच्या कोंबासारखी पांढरी होती. पापण्या थरथरल्या, पाणी आलं, आणि मग तो डोळा उघडला. काही झालेलं नव्हतं त्याला. दुसऱ्यापेक्षा निळा, कोवळा, एखाद्या मुलीचा डोळा म्हाताऱ्या तोंडावर कुणी आणून बसवावा तसा. तो लावरासवर येऊन थांबला.

आणि लावरासच्या तोंडून, त्याने ठरवलेलं नसताना, शब्द गेले. "देवाची कृपा असो."

हळूच गेले, पण ओनोराचे कान चांगले होते. यंत्राची रिळं सावकाश फिरत होती. पुस्तकं वाचलेल्या, दृष्ट म्हणजे काय हे दहा भाषांतून समजावून सांगू शकणाऱ्या माणसाने आपल्या आत्याकडे बघून ते शब्द म्हटले होते, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "वेळेवर आठवलं तुला."

"आत्या, मी..."

"अरे, राहू दे. आणखी एक ऐक. तू शब्दांचा माणूस, तुला समजेल. हा झाकलेला डोळा रिकामा नव्हता. या एकाने मी कोंबड्या बघायचे, बटाटे बघायचे, नेलच्या घरचा धूर बघायचे. आणि याने, फडक्याखाली, नाव. रोज. पांढरं शीड, फेस्टी नाळेवर, तुझा बाप सुकाणूवर, तोंड इकडे. कधी जवळ, कधी लांब, पण कायम पाण्यावर. उघडला तर जाईल ही धास्ती होती. लोकांसाठी बांधला होता तो फडका. नंतर नंतर नावेतल्या दोघांसाठीच ठेवला."

"आणि आता?"

तिने डोळा मिटला, उघडला. "आता तू दिसतोस," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात मुरिन उभी. दुधाची बरणी तिने स्वतःच आणली होती. नेल गावात गेली आहे, म्हटलं आपणच नेऊन द्यावी. लावरास ताडकन उठला आणि दोघींच्या मधे आला, पण मुरिन त्याच्या बाजूने वाकून बघत होती.

"अय्या आत्या, तुमचे डोळे किती सुंदर आहेत," ती म्हणाली. "आणि हा तर समुद्रासारखा निळा. का झाकून ठेवता हो?"

मागोमाग काही नाही. डब्लिनच्या मुलीला ते ठाऊकच नव्हतं. ओनोरा वाट बघत होती. मग तिच्या ध्यानात आलं की पुढे काही येणार नाही, आणि ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली.

"बाई गं, तू अजून इथली झाली नाहीस."

"का, माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. परत म्हण."

मुरिनने परत म्हटलं. ओनोराने तिला दोन्ही डोळ्यांनी बघितलं, तोंडापासून पोटापर्यंत, आणि पुन्हा तोंडाकडे. लावरास उभ्या उभ्या घामाघूम झाला होता. काय बघते आहे ते त्याला विचारवेना.

रविवारी ओनोरा फडक्याशिवाय चर्चमध्ये आली.

ती नेहमीच्या बाकावर बसली आणि तिच्या पुढच्या बाकावरची माणसं हळूहळू भिंतीकडे सरकत गेली. एका बाईने मांडीवरच्या पोराचं तोंड शालीत घेतलं. पाद्री दुसऱ्या गावचा होता. त्याला वाटलं, लोकांना थंडी वाजत असेल. प्रार्थना संपल्यावर पुरुष नेहमीसारखे बाहेरच्या कठड्याशी चिलमी पेटवायला थांबले, पण पेटवल्या कुणीच नाहीत, कारण नेल सरळ चालत ओनोरासमोर जाऊन उभी राहिली होती.

"चांगला होता," नेल म्हणाली. "इतकी वर्षं चांगला होता."

"होता."

"काटा?"

"नव्हता, वहिनी."

नेलचा आवाज चढला नाही. "मी देवाशी समेट केला होता त्या काट्यावर. मला वाटलं, तुझंही काहीतरी गेलं. त्यावर मी तुला माफ केलं. मग मी माफ केलं ते कुणाला?"

नेल वळली आणि मुलासाठी, सुनेसाठी न थांबता उताराने घराकडे निघाली. त्या दिवशी दूध गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

लावरास आणि मुरिन डब्लिनला परतले. तो हिवाळा लावरासने कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. मुरिन जिना उतरू लागली की तो तिचा दंड धरी. "मी काही काचेची नाही," ती म्हणे. कचेरीत बसून तो रोसडूवची टेप उतरवून घेत असे. 'अर्ध्यावर आहे' या शब्दांपर्यंत तो सहज येई, व्याकरण टिपून घेई, रूपं तपासून बघे. त्याच्या पुढे त्याचा स्वतःचाच आवाज होता, कुजबुजलेला. तिथे तो यंत्र थांबवी आणि उठून खिडकीपाशी जाई. दृष्ट वगैरे काही नसतं हे तो रोज स्वतःला सांगत होता, आणि मुरिनच्या पोटात मूल हललं नाही असा एखादा तास गेला की तो तिच्यापासून हलत नसे.

मुलगी झाली. धडधाकट, किंचाळणारी, मुठी आवळलेली. तिच्याकडे बघून त्याला पहिल्यांदा जो आनंद झाला त्यात अर्धी सुटका होती, आणि त्याबद्दल त्याने मनातल्या मनात आत्याची माफी मागितली.

उन्हाळ्यात ते मुलीला घेऊन रोसडूवला आले. दोन्ही घरांमधला अबोला तसाच होता. नेल वाळली होती. ती बाळाला घेऊन बसायची, बोलायची, गायची, पण बांधाकडे पाठ करून. ओनोरा आपल्या अंगणात बाकावर बसलेली दिसे. गावाने तिला तोंड दाखवायचं सोडलं होतं. ती विहिरीवर सगळ्यांच्या नंतर जात असे.

एका दुपारी ऊन होतं, समुद्र थाळीसारखा पडला होता. लावरास बांधाचे ढासळलेले दगड रचत होता. नेल बाळाला घेऊन बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि जिथे तो दगड लावत होता तिथूनच बांध ओलांडून पलीकडे गेली. तो सरळ उभा राहिला.

"तुझ्या भाच्याने सांगितलं मला," नेल ओनोराला म्हणाली. "फडक्याखाली तू काय बघायचीस ते."

लावरासने सांगितलं होतं खरं, आदल्या दिवशी, जेवताना. नेल तेव्हा ताटावरून उठून गेली होती.

"आता दिसत नाही," ओनोरा म्हणाली. "फडका सोडला त्या दिवशीच गेली. परत बांधून बघितला. नाही आली."

"बार्टला होता त्यात?"

"सुकाणूवर."

"तोंड कुठे होतं त्याचं?"

"इकडे. किनाऱ्याकडे."

नेलचे ओठ हलले. तिच्याकडे नवऱ्याचा एक फोटोही नव्हता, आणि पुरायला काही मिळालं नव्हतं. "मला त्याचं तोंड आठवत नाही, ओनोरा," ती म्हणाली. "गेली कित्येक वर्षं आठवत नाही. पोराच्या तोंडात शोधते, तर तिथे माझाच बाप दिसतो. आणि तू रोज बघत होतीस."

"मी तुला सांगायला हवं होतं."

"हवं होतं." नेलने बाळ पुढे केलं. "धर हिला. मान सांभाळ. आणि तो फडका दे मला."

ओनोराने बाळाला घेतलं. ती म्हातारी झाली होती आणि तान्हं मूल तिने हातात कधी धरलं नव्हतं. तिची कोपरं कशी ठेवावी हे नेलनेच धरून दाखवलं. मग ओनोराने एप्रनच्या खिशातून काळा फडका काढून दिला. नेलने तो घडी करून उजव्या डोळ्यावर घेतला, मागे गाठ मारली, आणि नणंदेशेजारी बाकावर समुद्राकडे तोंड करून बसली.

लावरास दगड हातात घेऊन तसाच उभा होता. बाळ ओनोराच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं आणि ओनोरा बाळाकडे. या वेळी देवाची कृपा कुणीच म्हटलं नाही. त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि हातातला दगड खाली ठेवला.

बऱ्याच वेळाने ओनोराने विचारलं, "काही दिसतंय का?"

"काळोख आहे," नेल म्हणाली. "थांब जरा. बोलू नकोस."

त्या दिवसापासून दुपारची कामं आटोपली की नेल पलीकडे जाऊन तसं बसू लागली. तिला काही दिसलं की नाही ते तिने कुणाला सांगितलं नाही. दूध पुन्हा सुरू झालं. गावातल्या लोकांना आता दोघींपैकी कुणापासून जपायचं ते कळेना, म्हणून त्यांनी दोघींना सारखाच नमस्कार करायला सुरुवात केली, लांबून.

मुरिन एकदा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दोघी बसलेल्या होत्या आणि लावरास बांधावर, त्यांच्या थोडा मागे. वारा नव्हता. टेकाच्या पलीकडे पाण्यावर ऊन इतकं होतं की बघवत नव्हतं. तिने कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, डोळे दिपतात रे इथे, एक मिटून बघ म्हणजे दिसेल.

"नको," लावरास म्हणाला, आणि चहा पिऊ लागला.